ऑटो, रायनो आणि आबांचा कान

संभाजीनगरात लांब नाव फार दिवस टिकत नाही. 'शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय कुठं आहे हो?' असं रिक्षावाल्याला विचारून बघा. तो आधी तुमच्याकडं बघेल आणि मग म्हणेल, 'घाटीला जायचंय का?' सरस्वती भुवन म्हणजे एसबी. सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या नावावर तर शहराचा मोठा तुकडा राहतो, पण 'आम्ही सिडकोत असतो' म्हणणाऱ्याला आपण कुणाच्या तरी आद्याक्षरांत संसार थाटलाय याचा पत्ताही नसतो. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनाला 'तंत्रनिकेतन' फक्त प्रवेशाच्या जाहिरातीत म्हणतात. बाकी सगळ्यांचं ते पॉलिटेक्निक, आणि घाई असली की नुसतं पॉली. खुद्द उस्मानपुऱ्याचं स्पेलिंग 'ओ'नं सुरू करायचं की 'यू'नं, यावर शेजारशेजारच्या दोन दुकानांचं एकमत नसतं. पाट्या वर्षानुवर्षं तशाच आहेत आणि पोस्टमन दोन्हीकडं पोहोचतो.

अशा मुलखात लांबलचक इंग्रजी विशेषणाचं काय होणार? तेच होतं, जे व्हायचं असतं. क्रांती चौकातून स्टेशनकडं निघालं की उस्मानपुऱ्याच्या आसपास डॉक्टरांच्या पाट्या सुरू होतात आणि प्रत्येक पाटीवरच्या शब्दाची लोकांनी आपापल्या सोयीनं खांडोळी केलेली असते. ऑर्थोपेडिक गेलं, ऑर्थो राहिलं. गायनॅकॉलॉजिकलचं गायनिक झालं. न्यूरो, युरो, कार्डिओ यांच्या शेपट्या केव्हाच उडाल्या. गंमत अशी की ही कापाकापी अडाणीपणाची नाही. ग्रीकचं एक अक्षर न शिकता आपल्या माणसांनी ग्रीक शब्द बरोबर सांध्यावर कापलेत. हाड सोडून सांध्यावर सुरी चालवायला कसब लागतं. हाडांच्या डॉक्टरांनी तरी त्याची दाद द्यायला हवी.

फक्त एका पाटीपाशी ही सुरी बोथट झाली. ती पाटी कान-नाक-घशाची.

या शाखेचं पुस्तकी विशेषण आहे 'ओटोरायनोलॅरिंगोलॉजिकल'. इंग्रजीत बावीस अक्षरं, त्यात पाच वेळा ओ. पहिला तुकडा घेऊन काम भागवावं, ऑर्थोसारखं, तर तो निघतो 'ओटो'. आता उस्मानपुऱ्याच्या चौकात उभं राहून 'ओटो कुठं मिळेल?' असं विचारलं तर चारजण एकदम हँडल वळवून पुढं येतील आणि 'बोला, कुठं जायचं?' म्हणतील. म्हणून हा तुकडा चालला नाही. लोकांनी ईएनटी ही तीन अक्षरं धरली आणि पुढं निघाले.

हे विशेषण पूर्ण पोशाखात मला भेटलं ते अशाच एका दवाखान्याच्या बाकावर. शेजारी पैठणकडचे एक आबा होते. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, डोक्याला मफलर, उजव्या कानात कापसाचा बोळा. सोबत नातू, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी नातवाच्या हातात होती, आणि त्या डॉक्टरांना त्या दिवशी वेळ भरपूर असावा, कारण त्यांनी अख्खं विशेषण लिहून पुढं 'इव्हॅल्युएशन' जोडलं होतं.

'काय लिवलंय रे?' आबांनी विचारलं.

'आबा, लै लांबये. थांबा जरा.'

'आमच्या गाडीच्या पाटीवर एवढं मोठं गाव कधी आलं नाय.'

नातू मेकॅनिकलचा. त्यानं खिशातला पेन काढला आणि इंजिन खोलावं तसं काम सुरू केलं. चिठ्ठीच्या मागं एकेक तुकडा लिहीत, मधे आडव्या रेघा मारत. 'ओटो…'

'ऑटो कशाला? आलो की आपण इथं.'

'ऑटो नाय आबा, ओटो. म्हंजे कान.' एव्हाना मोबाइल बाहेर आला होता. 'मग रायनो.'

'ते काय?'

'रायनो म्हंजे गेंडा.'

समोरच्या बाकावरच्या बाईंनी मासिकातून डोकं वर काढलं. आबा मात्र शांत होते. पस्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला रस्त्यात कोण आडवं येईल याचं नवल वाटत नाही. नातवानं मोबाइल आणखी खाली सरकवला आणि खुलासा केला: रायनो म्हणजे मुळात नाक. गेंड्याच्या नाकावर शिंग असतं, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव 'नाकशिंग्या'. पुढं लॅरिंगो, म्हणजे घशातली ती आवाजाची पेटी. आणि लॉजिकल म्हणजे त्याच्या शास्त्रातलं.

'मपला कान दुखायलाय,' आबा म्हणाले. 'ह्यात नाक अन् घसा कशाला घातला?'

'डॉक्टर लोक पुरं लिहितात आबा.'

तेवढ्यात काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठी घेतली, तिच्याकडं न बघता केस पेपर पुढं ओढला आणि विचारलं, 'कान, नाक का घसा?'

'कान.'

'बसा.'

बावीस अक्षरांचं हे असं झालं. आत कानातला मळ निघाला, थेंब लिहून मिळाले, आठ दिवसांनी या म्हणाले. पण नातवानं चिठ्ठीच्या मागं मारलेल्या त्या रेघा माझ्या डोक्यातून जाईनात, कारण पोरानं केलं होतं ते काम आपण सगळ्यांनी शाळेत मार्कांसाठी केलेलं आहे. समासाचा विग्रह! कान, नाक आणि घसा: द्वंद्व. त्यांचं शास्त्र: षष्ठी तत्पुरुष. त्यासंबंधीचं: शेवटी प्रत्यय. 'किंकर्तव्यविमूढ' हे विशेषण पाहून आपल्याकडं कुणाची दातखीळ बसत नाही, कारण सातवीतच बाईंनी किम्, कर्तव्य आणि विमूढ असे तीन तुकडे करून हातात दिलेले असतात. इंग्रजीच्या तासाला मात्र शब्दार्थ फळ्यावर लिहून पाठ करायला सांगतात आणि विग्रह कुणी करत नाही. मग बावीस अक्षरं एकदम अंगावर आली की माणूस किंकर्तव्यविमूढ होणार नाही तर काय!

लांब शब्दांची टिंगल मात्र जुनी आहे. रोमन कवी होरेसनं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात 'आर्स पोएटिका' लिहिलं. दुःखातल्या पात्रांनी कोणते शब्द टाकून द्यावेत हे सांगताना त्यानं 'दीड फूट लांबीचे शब्द' असा प्रयोग केला. त्यावरून इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण आलं. लांब शब्द वापरणाऱ्यालाही ते लागू होतं, आणि स्वतःही काही आखूड नाही. त्यातला 'सेस्क्वि' म्हणजे दीड. फाजील अक्कल मोजायला मराठीनंही नेमकं दीडचंच माप घेतलं आणि 'दीडशहाणा' म्हटलं, रोमला कळवल्याशिवाय.

दीड फूट हे माप होरेसनं जरा हात राखून दिलं असं मला वाटतं. उस्मानपुऱ्यातल्या एका फ्लेक्सवाल्याला मी आमचं विशेषण दाखवलं. त्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि हिशोब केला. रस्त्यावरून वाचता यायचं तर एक अक्षर चार इंच तरी रुंद पाहिजे. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. सात फूट चार इंच. 'आणि डॉक्टरांचं नाव कुठं टाकायचं?' असं त्यानं मलाच विचारलं. ईएनटी मात्र फूटभरात बसतं, बाजूला कानाचं चित्र टाकायला जागाही राहते. वैद्यकशास्त्राच्या परिभाषेचं भवितव्य शेवटी चौरस फुटाच्या दरावर ठरतं, हे परिभाषा समित्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता उच्चाराकडं. इंग्रजी कोशात या शब्दाचे दहा अवयव पाडतात. मराठी तोंडानं म्हणून बघा: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गो-लॉ-जि-कल. दहाच! साहेबाच्या शब्दाला आपण एकही अवयव जास्तीचा लावला नाही की काढला नाही. पण तोच शब्द देवनागरीत लिहून वृत्तात बसवायला घेतला, तर 'राय'मधला य आणि 'कल'मधला ल वेगळे मोजावे लागतात आणि अक्षरं भरतात बारा. बारा अक्षरं म्हणजे भुजंगप्रयाताचा एक चरण. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबेच्या समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनाला एकेका ओळीत जेवढं समजावलं, तेवढ्याच जागेत डॉक्टरांनी नुसतं 'कान-नाक-घसाविषयक' म्हटलं आहे. गण पाडले तर येतात म, य, म, न. ओटोरा, तिन्ही गुरू, मगण. यनोलॅ, पहिला लघु, यगण. रिंगोलॉ, पुन्हा मगण. जिकल, तिन्ही लघु, नगण. 'लॅ' गुरू धरलाय, कारण हा स्वर मोरोपंतांच्या वेळी नव्हता आणि आता त्यांना विचारायची सोय नाही. आठ गुरूंची जड पावलं टाकत आलेला शब्द शेवटी जिकल करून तीन उड्यांत पळून जातो. चाल लावून म्हटलं तर वाईट लागत नाही. आरतीनंतर म्हणू नये, एवढंच.

इथवर आपलं आणि इंग्रजांचं जमतं. बिनसतं ते आघातावर. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधले सर डस्टर टेबलावर आपटून शिकवतात: 'एका शब्दात एकच मोठा ठोका. बाकी सगळं हलकं.' आमच्या शब्दात तो ठोका 'लॉ'वर. लॉच्या आधीचे सात अवयव आणि नंतरचे दोन, सगळ्यांनी दबकून बसायचं. हे मराठी माणसाच्या न्यायबुद्धीला झेपत नाही. आपल्याकडं शब्द म्हणजे पंगत: पानावर बसलेल्या प्रत्येकाला वाढायचं, एकाला जिलबी आणि बाकीच्यांना पाणी असं चालत नाही. म्हणून इंग्रज 'कम्फर्टेबल'चे तीन घास करून र गिळून टाकतो आणि आपण चारही अक्षरांना नीट पानावर बसवतो. वर त्या शेवटच्या प्रत्ययात आपल्याला चक्क टेबल दिसतं. लॅटिनमधलं 'ॲबिलिस' फ्रेंचमार्गे 'एबल' झालं, म्हणजे नुसतं 'जोगं'. पण उस्मानपुऱ्यात ते फर्निचर आहे. व्हेजि-टेबल, रिस्पेक्-टेबल, कम्फर्-टेबल. फर्निचरच्या दुकानावर 'कम्फर्टेबल' लिहितात तेव्हा तर त्यात तक्रारीला जागाच उरत नाही.

आणि सर सांगत नाहीत अशी एक गोष्ट आहे. तो ठोका एका जागी बसतही नाही. नाम म्हणायचं तर लॅरिंगॉलॉजी, ठोका 'गॉ'वर. विशेषण केलं, शेपटीला 'इकल' लावलं, की ठोका एक घर पुढं सरकून 'लॉ'वर जातो आणि गॉचा गो होतो. नियम साधा आहे: 'इकल'च्या लगेच आधीचं अक्षर ठोका घेतं. पॉलिटिक्समध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पॉलिटिकलमध्ये 'लि'वर. टेक्निक म्हणताना शेवटावर, टेक्निकल म्हणताना पहिल्यावर. हा नियम पाच मिनिटांत शिकवता येतो आणि शेकडो शब्द सुटतात, पण त्यासाठी कोर्सची फी कशी घेणार!

आपल्याकडं विशेषण करताना उलटी गंमत होते. प्रत्यय लागतो शेपटीला आणि उडी मारतं डोकं. विज्ञानाला 'इक' लावलं की वैज्ञानिक, इतिहासाचं ऐतिहासिक, भूगोलाचं भौगोलिक, समाजाचं सामाजिक. पाणिनीनं याला वृद्धी म्हटलं. म्हणजे दोन्ही भाषांत विशेषण होणं ही शब्दाला बऱ्यापैकी हादरवणारी घटना आहे; हादरा कुठं बसतो तेवढा फरक. शिवाय 'इकल' हा एक नव्हे तर दोन प्रत्यय आहेत, ग्रीकचा 'इक' आणि त्यावर लॅटिनचा 'अल'. विशेषणाचंच पुन्हा विशेषण. यावरून इंग्रजांना हसायची घाई करू नये. 'सौजन्य' हे आधीच भाववाचक असताना त्याला 'ता' लावून 'सौजन्यता' छापणारे आपणच, आणि ज्या लग्नपत्रिकेत ती 'सौजन्यता' असते तिथं 'औदार्यता'ही जवळपास असतेच. त्यांचं लॉजिकल कोशात गेलं, आपली सौजन्यता शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाईखाली राहिली. ज्याची त्याची तकदीर.

लिहायला मात्र हा शब्द मराठीइतका सोपा कुठं असेल असं वाटत नाही. 'लॅ' आणि 'लॉ' यांची सोय आपण इंग्रजीसाठी म्हणून केली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ हे दोन स्वर रीतसर वर्णमालेत बसवले, तेव्हापासून पोरं बाराखडीऐवजी चौदाखडी शिकतात. 'आमच्या वेळी बाराच होत्या' असं आजोबांना म्हणता येतं, महागाईचं आणखी एक उदाहरण म्हणून. आणि रायनोतला तो मुका 'एच'? तो प्राचीन ग्रीकांच्या उच्चारातून आला. शब्दाच्या सुरुवातीचा र ते हवा सोडत म्हणायचे आणि रोमनांनी ती हवा 'आर'नंतर 'एच' लिहून दाखवली. इंग्रजानं एच ठेवला आणि हवा सोडून दिली. आपल्याकडं ऱ्हास आहे, कऱ्हाड आहे, गुऱ्हाळ आहे. 'ऱ्हायनो' असं एखाद्या पेंटरनं लिहिलं तर त्याला चूक काढून दाखवू नका. तो अथेन्सच्या अधिक जवळ आहे.

लांबीचे याहून मोठे पैलवान इंग्रजीत आहेत. शशी थरूर यांनी २०१८ साली आपल्या पुस्तकाची जाहिरात करताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा एकोणतीस अक्षरी शब्द काढला आणि देशभर डिक्शनऱ्या उघडल्या गेल्या. पण ते नाम. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स' चित्रपटातलं चौतीस अक्षरांचं विशेषण तर गाण्यासाठीच प्रसिद्ध झालं. या दोघांनाही उस्मानपुऱ्यात काम नाही. आमचं विशेषण निदान कानाला लागतं.

पण त्या शाखेच्या लोकांनाच ते पेलतं का? भारतातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं नाव आहे 'असोसिएशन ऑफ ओटोलॅरिंगोलॉजिस्ट्स ऑफ इंडिया'. नीट वाचा. ओटो आहे, लॅरिंगो आहे. मधला रायनो गायब! अमेरिकेतल्या त्यांच्या अकादमीच्या नावातही तो नाही. कान ठेवला, घसा ठेवला आणि लांबी वाचवायला भर सभेत नाक कापलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नाकं सरळ करायची, त्यांनी! उस्मानपुऱ्यातल्या पाट्यांवर मात्र 'कान, नाक, घसा' असंच असतं. नाक मधोमध, जागच्या जागी, आणि फ्लेक्सवाल्यानं त्याचे वेगळे पैसे लावलेले नसतात.

ही नाक कापल्याची हकिकत मी त्या मेकॅनिकलच्या नातवाला बाकावरच सांगितली होती. त्यानं चिठ्ठी उलटी केली, आपल्या रेघांकडं पाहिलं आणि 'रायनो'वर काट मारून बघितली.

'ओटोलॅरिंगोलॉजिकल,' तो म्हणाला. 'सतरा अक्षरं. आबा, आता म्हणून बघा.'

आबांनी कानातला बोळा काढला. 'काय म्हणतोस? ऐकू नाय आलं.'